अहो, सगळ्यांचा पासवर्ड एकच!

ऐकलंत का? बाल दिगंबर गणपतीचं, कर्जतजवळचं आपलं सोज्ज्वळ कडाव, आणि तिथं म्हणे एकाची गाडी दुसऱ्याच्याच मोबाईलच्या इशाऱ्यावर पळते! गाडी म्हणजे बापाची बाईक नव्हे हो; पिवळ्या चाकांची, आर्डुइनोचा सर्किट बोर्ड बसवलेली, पोरांनी हातानं जुळवलेली. पूर्वी रिमोटपासून गाडीपर्यंत वायर असायची. कोण कोणाचं ते चारचौघांत दिसायचं. आता वायर म्हटलं की पोरं नाकं मुरडतात.

आणि हे बिनतारी प्रकरण येतं कुठून? आईला सांगायचं, दादरला क्लास आहे. कर्जतहून लोकल धरायची, दादरला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला उतरून गाठायचा लॅमिंग्टन रोड. दोन-तीनशे रुपयांत एचसी-०५ नावाचं इवलंसं ब्लूटूथ मॉड्यूल खिशात. क्लासची फी गेली खड्ड्यात!

खरी भानगड पुढेच आहे. हे मॉड्यूल कारखान्यातून बाहेर पडतं तेच एचसी-०५ हे नाव आणि बहुधा १२३४ हा पासवर्ड घेऊन. चार पोरांच्या चार गाड्या ओटीवर मांडा: नाव तेच, पासवर्ड तोच. कुणाचा फोन कुणाच्या गाडीला जाऊन चिकटेल, देव जाणे! त्यात या मॉड्यूलबाई एका वेळी एकाशीच बोलणार. म्हणजे आधी घुसला तो मालक, आणि रात्र जागून सोल्डरिंग करणारा बापडा बाजूला हात चोळत उभा. नाव आणि पासवर्ड बदलायला एटी कमांडच्या दोन ओळी पुरतात. पण तेवढी सवड कुणाला? मुंबईचा आत्येभाऊ आयफोन मिरवत येतो, त्याला तर ही गाडी विचारतसुद्धा नाही. तिची जुनी सीरियल बोली ॲपलच्या घरात चालत नाही. मान मिळतो तो काच तडकलेल्या अँड्रॉइडला. हे मात्र मला मनापासून आवडलं.

बरं, हवेत तरी जागा आहे का? २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा सरकारनं २००५ साली परवान्यातून मोकळा केला. तेव्हापासून वाय-फाय, ब्लूटूथ, सगळ्यांचा तिथंच संसार. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथंच गुरगुरतो. त्यात पाणी या लहरी शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे निम्म्याहून अधिक पाणीच. गाडी बघायला गाव गोळा झालं की सिग्नल आणखी खंगतो. म्हणजे कौतुक करणारेच गाडी अडवतात!

मोठ्यांना तरी काय बोलायचं? २००८ साली एबीयू रोबोकॉन ही रोबोंची स्पर्धा पुण्यात भरली, विषय चक्क दहीहंडी. विद्यार्थ्यांच्या यंत्रांनी लोणी पळवायचं! कृष्णाला निदान यशोदेनं उखळाला बांधून ठेवलं होतं. आमच्या कडावच्या कान्ह्यांना वायरची दोरीच नको.

नाव, पासवर्ड, गर्दी, सगळं एक वेळ माफ. मला संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मोबाईलवरून ‘पुढे’साठी एक अक्षर जातं आणि पुढचं अक्षर येईपर्यंत गाडी तेच करत राहते. मध्येच जोडणी तुटली तर? ‘थांब’ पोचतच नाही, आणि गाडी सरळ शेजारच्या काकूंच्या वाळवणात! अर्धा सेकंद हुकूम आला नाही तर मोटर बंद, एवढं प्रोग्रॅममध्ये लिहायला चार ओळी लागतात. याला फेलसेफ म्हणतात. रोबोवॉरसारख्या लढतींत तर सिग्नल गेल्यावर न थांबणाऱ्या रोबोला आखाड्यात पाऊलही टाकू देत नाहीत. आमच्या चिरंजीवांना मात्र त्याआधी एलईडी लावायच्या असतात, निळ्या, लखलखत्या!

तेव्हा काकू, पुढच्या वेळी पोरगं ओटीवर गाडी पळवायला लागलं की रागावू नका. गाडी भरधाव असतानाच त्याला म्हणा, ‘बाळा, मोबाईल बंद कर बरं.’ गाडी जागच्या जागी थांबली तर त्याला पोहे द्या. नाही थांबली, तर आधी पापड उचला.