पापड आणि सहाशे एमएम

आमच्या भावोजींच्या जॅकेटला चौदा खिसे आहेत. हॉटेलचं बिल आलं की पाकीट त्यातल्या एकाही खिशात सापडत नाही. एरवी स्मरणशक्ती दांडगी. नवरंग पावसाच्या तोंडावर येतो, स्वर्गीय नर्तक पाणवठ्यावर कुठल्या फांदीवरून सूर मारतो, सगळं तोंडपाठ. ताईचा वाढदिवस मात्र ‘भिगवणला रोहित असतात तेव्हा कधीतरी’ येतो.

मे महिन्यात शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात. भावोजी ताडोबाला जातात. चंद्रपूरचा पारा 45 च्या वर गेला की त्यांना हुरूप येतो, कारण जंगलातलं पाणी आटतं आणि उरलेल्या पाणवठ्यावर वाघ येऊन बसतो. एकदा मलाही नेलं. उघडी जिप्सी, डोक्याला ओला पंचा, आणि दांड्यावर लेन्स टेकवायला बीन बॅग. तिच्यात ताईच्या डब्यातली चार किलो तूरडाळ होती. (परत आल्यावर तिचं वरण झालं. धुळीची चव लागली, पण कोणी बोललं नाही.)

चितळाने कॉल दिला, वाघ आला आणि पाण्यात चक्क पाठमोरा उतरला. आमचा गाइड म्हणाला, वाघ असाच उतरतो, तोंडावर पाणी नको असतं त्याला. मी तोंड उघडं टाकून पाहत होतो. शेजारी शटरची मशिनगन चालू होती. वाघ गेल्यावर नऊशे फ्रेमचे मालक मला हळूच विचारतात, “उतरला कसा रे? मी तेव्हा कार्ड बदलत होतो.”

फोटो घरी येऊन पाहिले तर वाघ ओल्या वर्तमानपत्रावर छापल्यासारखा. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, तिच्यातून लांबचं टिपायला गेलं की कितीही महागडी लेन्स हरते. हे भावोजींनीच समजावलं. दोष हवेचा, हे सांगताना त्यांचा चेहरा केवढा तरी खुलला होता.

कोकणात गेलो की ते रात्री एसी लावू देत नाहीत. गार खोलीतून दमट हवेत गेलं की काचेवर वाफ धरते म्हणे. सगळं कुटुंब घामाने निथळतं, लेन्स कोरडी राहते.

भाचीच्या साखरपुड्याला त्यांना ग्रुप फोटो काढायला सांगितला. सहाशे एमएममध्ये तीस माणसं मावेनात, म्हणून ते मागे मागे सरकत हॉलबाहेर, तिथून पार्किंगमध्ये आणि शेवटी रस्त्यापलीकडे पोचले. आम्ही दात दाखवून थकलो. वीस मिनिटांनी आले ते तारेवरच्या वेड्या राघूचा फोटो घेऊन. फोटो देखणा होता, हे मान्य करायला हवं. नवरामुलगा त्यात नव्हता.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते म्हणून त्यांनी काचेचं कपाट आणलंय. आत आर्द्रता 45 टक्के, बाहेर आकडा चमकतो. त्याच घरात चिवडा सादळतो, चादरींना कुबट वास येतो, आणि आम्ही निमूट राहतो.

गेल्या श्रावणात भावोजी लेन्स हुंगत होते. हिंगाचा वास येतोय म्हणाले, कंपनीला पत्र लिहायला बसले. ताईने त्यांना कागद आणून दिला. तिचे उडदाचे पापड गेली दोन वर्षं त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतात आणि भर पावसाळ्यातही कुरकुरीत निघतात.