एकसष्टावा प्रश्न

उरुग्वेची लोकसंख्या 35 लाखांच्या आसपास. एकट्या पुणे जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत 94 लाख. तरी 'इकॉनॉमिस्ट'वाल्यांच्या 2024 च्या लोकशाही निर्देशांकात या चिमुकल्या स्पॅनिशभाषक देशाला 10 पैकी 8.67 गुण, शेरा 'पूर्ण लोकशाही'. भारताला 7.29, शेरा 'सदोष'.

साठ प्रश्नांवर हे गुण ठरतात. परीक्षक कधी चेलाडी फाट्यावरून आत वळून भोर तालुक्यातल्या नसरापुरात आलेच, तर एकसष्टावा प्रश्न तयार आहे: पेपरच झाला नव्हता, तर गुण कशाचे?

पुणे जिल्हा परिषदेची आणि भोर पंचायत समितीची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. खुर्चीवर प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला 'चार महिन्यांत निवडणुका घ्या' म्हटलं. चार महिने सरले. तेवढ्यात मतदान काही उजाडलं नाही. उरुग्वेत मत न देणाऱ्या मतदाराला दंड होतो. इथे मतदार बोट पुढे करून उभा होता, शाईचाच पत्ता नव्हता!

राहिली ग्रामसभा. तिची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.