दुसरं खातं

आमच्या भाच्याच्या गाडीचे हप्ते अजून साडेतीन वर्षं चालायचे आहेत. डिकी मात्र आताच भरून पावली. आधी वूफर आला, मागोमाग ॲम्प्लिफायर, आणि परवा दुसरी बॅटरी.

"मामा, बेस पडला की हेडलाइट डोळे मिचकावतात," त्याने काळजीने सांगितलं. खरंच मिचकावत होते. दणका बसला की दिवे मंद आणि समोरची कंपाउंडची भिंत दिसेनाशी! मला वाटलं, गाडीलाच लाज वाटत असावी. दुकानदाराचं निदान मात्र वेगळं: बॅटरी कमी पडतेय, अजून एक टाका.

मी विज्ञानात ३५ मार्कांवर सुटलेला माणूस, पण हा हिशेब मलाही जमला. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर १००० वॅट लिहिलंय. (खोक्यावरचे वॅट आणि फ्लॅटच्या जाहिरातीतलं 'स्टेशनपासून पाच मिनिटं' एकाच कुळातले. तरी खरे धरू.) म्हणजे १२ व्होल्टला ८० अँपिअरहून जास्त ओढ. गाडीचा अल्टरनेटर ७० चा, त्यातून एसीचा पंखा, दिवे, वायपर यांचा रोजचा खर्च. गाडी चालू असताना कमावणारा तो एकटा. बॅटरी म्हणजे बचत खातं. दणक्यापुरता एखादा क्षण ती सांभाळून घेईल, पण काढलेलं परत भरायचं त्यानेच. पगार पुरत नाही म्हणून कुणी बँकेत दुसरं खातं उघडतं का? भाच्याने उघडलं.

"मामा, तुम्हाला बेस कळत नाही."

कबूल. आमची धाव बेसनापर्यंत. पण निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे एवढं कळतं, आणि ती मोडायला त्याला पहिली बॅटरीही पुरून उरत होती.

इंजिन बंद ठेवून गाणी ऐकायची असतील तर दुसऱ्या बॅटरीला अर्थ आहे, हे मान्य. मधे आयसोलेटर बसवला की गाणी दुसरीवर चालतात, पहिली स्टार्टरसाठी शाबूत राहते. पण आयसोलेटरचे पैसे वेगळे. दुकानदाराने जाड वायर टाकून दोघींना थेट जोडलं. फ्यूज 'पुढच्या वेळी'.

उद्घाटनाला साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या अलीकडे पंक्चर. भाच्याने डिकी उघडली. वूफर होता, ॲम्प्लिफायर होता, बॅटरी होती. स्टेपनी घरी गॅलरीत, तिच्यावर ताईची कोरफडीची कुंडी.

पंक्चरवाला अडीच तासांनी आला. तोवर इंजिन बंद आणि गाणी फुल्ल. शेजारच्या टपरीवाल्याने दोनदा हात जोडले. भाच्याला ती दाद वाटली.

टायर झाला. भाच्याने चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

"मामा," खिडकीतून डोकं बाहेर काढून तो म्हणाला, "जरा धक्का मारता?"