पावलं पायांची, हिशेब हाताचा

साताऱ्याचे आमचे मामा रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मनगटावरच्या पावलं मोजणाऱ्या पट्ट्याला मुख्यतः हाताचा झोका कळतो, पायांशी त्याची ओळख ऐकीव. त्यामुळे किल्ला सर होतो, आकडा पायथ्याशीच घुटमळतो. सांगलीची मावशी मात्र ओट्यापुढून हलत नाही. परातीत ज्वारीची भाकरी थाप-थाप थापते आणि पट्टा समजतो, बाई आमराईला फेऱ्या मारतायत! 1965 साली जपानात दहा हजार पावलांचं म्हणून जे ‘मानपो-केइ’ यंत्र विकायला आलं, ते कमरेला लावायचं होतं. मी सुचवलं, "मामा, करदोड्याला अडकवा की." मामा भडकले, "आन् मग चारचौघात दिसायचं कसं?"