पाच मिनिटांचा भूगोल

इस्टेट एजंटांनी पुण्याची जी सेवा केली आहे, तिची दखल भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाने घ्यायलाच हवी. उंड्री बिचारी उंड्रीच राहिली असती. त्यांनी तिची ‘एनआयबीएम अ‍ॅनेक्स’ केली. महामार्गापलीकडच्या सूसला तर बसल्या जागी ‘बाणेर अ‍ॅनेक्स’ म्हणून बढती मिळाली.

2017 पासून रेरा कायद्याने घरं कार्पेटच्या मापाने विकायला लावली. जिना, लिफ्ट, लॉबीचे चौरस फूट गिऱ्हाइकाच्या माथी मारण्याची सोय त्यामुळे गेली. अंतरं मात्र सुदैवाने अजून सुपर बिल्टअपमध्येच मोजली जातात. ‘हिंजवडी फक्त दहा मिनिटं’ हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. फक्त पहाटे चारला निघायचं.

महारेराने 2023 मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, हे उत्तमच. प्रात्यक्षिकही ठेवावं: सोसायटीच्या गेटवर पाण्याचा तिसरा टँकर रिकामा होत असताना, पाइपावरून उडी मारत, ‘पाण्याचं बघायलाच नको, साहेब’ असं न हसता म्हणून दाखवणे. टँकर मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘काका, आज दोन पार्ट्या येऊन गेल्यात’ असं सांगितल्यास जादा गुण.

एवढ्या कष्टांचे दोन टक्के म्हणजे काहीच नाही. हाच एजंट स्वतःसाठी फ्लॅट शोधायला बसला, की पोर्टलवर आधी एका चौकटीत टिक करतो: ‘फक्त मालकाकडून’.