सोसायटीतला लिनक्सवाला

पुण्यामुंबईच्या गृहनिर्माण संस्थांमध्ये चिटणीस, खजिनदार आणि पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवणारे निवृत्त गृहस्थ यांच्याइतकाच अपरिहार्य असा एक मनुष्यप्रकार अलीकडे आढळू लागला असून, त्यास सोयीसाठी ‘लिनक्सवाला’ असे म्हणता येईल. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्या कर्नलचा, म्हणजे यंत्राचे भाग आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बसून कारभार पाहणाऱ्या गाभ्याचा, आरंभ केला, त्यावर उभी असलेली आणि कोणासही वाचता-बदलता येणारी लिनक्स ही कार्यप्रणाली तो स्वतः तर वापरतोच; परंतु शेजारच्या काकांचा लॅपटॉप संथ झाल्याचे कानावर पडताच, कोणी न बोलावता पेनड्राइव्ह घेऊन दारात हजर होणे, हे त्याचे प्रमुख लक्षण होय.

त्याने पेनड्राइव्हवरून बसवलेल्या नव्या प्रणालीवर लॅपटॉप झटकन सुरू होतो, फक्त वायफाय लागत नाही. आणि येथूनच त्याच्या प्रतिभेला बहर येतो. राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याचा काकांचा प्रस्ताव अडाणीपणाचा म्हणून फेटाळून तो टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकून देण्याची काळी खिडकी, उघडतो, ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने वायफायची चिप ब्रॉडकॉम कंपनीची असल्याचे ताडतो आणि असा सुस्कारा सोडतो की काकूंना घरात काही अशुभ घडल्याची शंका यावी. ब्रॉडकॉमने जुन्या चिपांची माहिती खुली न केल्यामुळे स्वयंसेवकांना त्यांचे वर्तन उलट्या बाजूने उकलून ड्रायव्हर, म्हणजे प्रणालीला चिपशी बोलता करणारा प्रोग्राम, लिहावा लागला. तो झाल्यावरही फर्मवेअर, म्हणजे चिपच्या पोटात भरायचा प्रोग्राम, वाटण्याची परवानगी नसल्याने ते वेगळे मिळवावे लागे. २०१० मध्ये कंपनीने काही नव्या चिपांपुरता खुला ड्रायव्हर दिला, आणि डेबियनने तर २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून वाटण्याची परवानगी असलेले बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच घातले, हा सारा इतिहास चहावर साय धरेपर्यंत चालतो.

नेट सुरू करण्यासाठी लागणारा ड्रायव्हर नेटवरूनच उतरवावा लागतो, या पेचातून काकांचा मोबाइल केबलने जोडून सुटका होते; मात्र नेट आलेच आहे तर वायफाय हवे कशाला, असे काका पुटपुटले की त्याला मनस्वी वाईट वाटते. “काका, नेट चालू होणं महत्त्वाचं नाही, ते का बंद होतं हे कळणं महत्त्वाचं आहे,” या उत्तरात त्याचे संपूर्ण तत्त्वज्ञान सामावलेले आहे.

जुन्या चिपसाठी तो अखेर, खुलेपणाच्या व्रताला मुरड घालून, कंपनीचाच बंदिस्त ड्रायव्हर जड अंतःकरणाने बसवतो, आणि तरीही वायफाय ढिम्म राहते तेव्हा ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा देतो. पडद्यावर ‘हार्ड ब्लॉक्ड : येस’ अशी ओळ उमटते, तिचा अर्थ असा की बिनतारी रेडिओ सॉफ्टवेअरने नव्हे, तर लॅपटॉपच्या कडेवरील बटणाने बंद आहे. “पुसताना सरकलं असेल हो,” असे काकू म्हणतात. या ठिकाणी सामान्य माणूस ओशाळला असता. लिनक्सवाला मात्र, अन्य प्रणालींनी ‘काहीतरी बिघडले आहे’ एवढेच सांगून हात झटकले असते, ही प्रणाली दोष नेमका कोठे आहे ते सांगते, असा निष्कर्ष काढून विजयी मुद्रेने पाहतो, आणि गैरसोयीची गोष्ट ही की त्याचे म्हणणे खोटे नसते.

त्याची खरी अडचण वायफाय लागल्यानंतर सुरू होते, कारण निर्दोष यंत्रासमोर नुसते बसणे त्याच्या प्रकृतीस मानवत नाही. “आता नेट आहेच, तर कर्नलही अपडेट करून टाकू,” असे म्हणून तो आज्ञा देतो. तो बंदिस्त ड्रायव्हर कर्नलबाहेरचा असल्याने प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि काकांना ते सांगण्यासाठी त्याने पुढचा रविवार राखून ठेवलेला असतो.