मध्यम तिखट

उजनीच्या फुगवट्याला कंदर, वांगी, केत्तूर, कुठल्याही गावात उतरा, चिलापीचं कालवण करण्यात हयात घालवलेला एक अण्णा भेटतोच. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला आलेली पुण्या-मुंबईची मंडळी दुपारी त्याच्या तावडीत सापडतात. पातेल्यातला लालभडक रस्सा बघून कुणीतरी चाचरत विचारतं, "अण्णा, फार तिखट नाही ना?"

"छ्या! मध्यम हाय. आमचं बारकं पोरगं भाकरी कुस्करून खातंय."

पोरगं खातं, यात खोटं काही नाही. गोम तिथंच आहे. रोज मिरची खाणाऱ्याच्या जिभेतल्या नसा हळूहळू तक्रार करायच्या थांबतात. करंगळी रश्श्यात बुडवून चाखताना अण्णाला मिठाची कमीजास्त चिमूट बरोबर कळते. मिरचीच्या बाबतीत मात्र त्याची जीभ केव्हाच फितूर झालेली आहे.

पहिल्याच घासाला पाहुण्याची कानशिलं तापतात, नाक वाहू लागतं. अण्णा लगबगीनं पाण्याचा तांब्या पुढं करतो. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्याला जुमानत नाही, त्याला दूध-ताकच लागतं. हे वहिनींना न शिकवता ठाऊक आहे. म्हणून मुरलेले पाहुणे अण्णाला काही विचारतच नाहीत. ताकाचं भांडं कुठं आहे तेवढं बघतात. आत चुलीपाशी असलं तर बिनधास्त बसायचं. वहिनींनी ते ताटापाशी आणून ठेवलं असेल, तर वाटीत रस्सा अर्धाच घ्यायचा.

१९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधतज्ज्ञानं तिखटपणा मोजायची युक्ती काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. म्हणजे तिथंही भिस्त माणसाच्या जिभेवरच. त्या चाखणाऱ्यांत अण्णा असता, तर लवंगी मिरची भोपळी म्हणून नोंदली गेली असती.

खरी मजा फोनवर. कालवणाची कृती लिहून नेलेल्या एखाद्या मुंबईकर ताई रडवेल्या आवाजात सांगतात, "अण्णा, दोन चमचे चटणी म्हणालात, तेवढीच घातली. घरात कुणाला जेवता आलं नाही हो!"

"चमचा कंचा घेतला?"

"चहाचा."

अण्णा खरोखरच चकित होतो. "चहाचा? आन् तेवढ्यात तिखट लागलं?" त्याचा चमचा म्हणजे वाढायची पळी. मिरची ब्याडगी, निव्वळ रंगापुरती, असं तो शपथेवर सांगतो. कांडपाला जाताना त्याच पिशवीत पडलेली लवंगी त्याच्या लेखी हिशेबात धरायची वस्तूच नव्हे.

जेवणं उरकली की चहा. कढत चटका आणि मिरची, दोन्हींची वर्दी नसांमधल्या एकाच दारातून मेंदूकडं जाते. हे दार शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. अण्णा बशीत चहा ओततो, चारदा फुंकर मारतो, एक घोट घेतो आणि बशी आदळून ओरडतो, "आगं ए, किती कढत केलायस! मानसाचं तोंड हाय का काय!"